मालक बाहेर गेलेत

नगरच्या माझ्या दुकानात लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स आणि गेल्या काही वर्षांपासून वेबसाईट, असं सगळं बनतं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा अर्ध्या शहराचे लेटरहेड आणि शिक्के नव्याने करायला आले, आमचे दिवस बरे गेले. बोलताना मात्र आम्ही अजून नगरच म्हणतो. इतकी वर्षं लोकांच्या पाट्या करून मला एक खोड लागली आहे. हॉटेलात शिरताना मी आधी बोर्ड बघतो, आणि अक्षर गचाळ असेल तर आतला चहाही गचाळच असणार असं धरून चालतो. बायको म्हणते, तुम्हाला चहा जिभेने नाही, डोळ्यांनी कळतो. तिचं म्हणणं खोटं नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, श्रीगोंद्याच्या अलीकडे कागदी लिंबाच्या रोपांची नर्सरी चालवते. नर्सरी काढली आमच्या दाजींनी. त्यांनी रस्त्याला लावलेली पत्र्याची पाटी म्हणजे माझ्या डोळ्यांत कायमचं कुसळ होतं. हिरव्या ऑइलपेंटने, स्वतःच्या हाताने, तिरकं तिरकं लिहिलेलं: थांबा. सरबत प्या. मग बोलू. बस्स. ना नर्सरीचं नाव, ना मोबाईल नंबर, ना एखादं लिंबाचं चित्र. दाजी, मी चांगला फ्लेक्स करून देतो, फुकट देतो, असं मी प्रत्येक भाऊबीजेला म्हणायचो. ते हसायचे. आणि गाड्या थांबायच्याच.

थांबलेल्या माणसाला दाजी आधी शेडमागच्या जुन्या झाडाखाली न्यायचे. नर्सरीतलं सगळं बी त्याच झाडाच्या फळांचं. तिथलं एक लिंबू पाहुण्याने स्वतःच्या हाताने तोडायचं, दाजी ते समोर कापणार, पिळणार, आणि आक्का सरबताचे ग्लास घेऊन येणार. रोपांचं बोलणं त्यानंतर. आमच्याकडे सगळ्याच नर्सरीवाल्यांची ही रीत नाही, पण दाजींची होती, आणि तिला कारण होतं. लिंबाच्या रोपाकडे बघून काही कळत नाही. पिशवीत सगळी सारखीच हिरवी, सारखीच काटेरी. माणूस ती शेतात लावतो, तीन-चार वर्षं पाणी घालतो, आणि मग फळ लागल्यावर त्याला कळतं की आपण फसलो की तरलो. तोवर त्याच्या हातात असतं काय? ज्या झाडाचं बी, ते झाड. आणि ते दाखवणारा माणूस.

दाजी सहा वर्षांपूर्वी गेले. सकाळी पिशव्यांना पाणी घालताना खाली बसले ते उठलेच नाहीत. दिवसकार्य झालं आणि आक्का पुन्हा शेडमध्ये जाऊन माती चाळायला लागली. खरं तर बी काढणं, वाफ्यात टाकणं, रोपं उचलून पिशवीत लावणं हे आधीही तीच करायची. दाजी बोलायचे आणि विकायचे. आता बोलायचंही तिच्यावर आलं, आणि तिथे ती अडली. दाजींचा मोबाईल तिने चालू ठेवला होता. फोन आला की समोरचा हमखास विचारायचा, मालक आहेत का? पहिल्या वेळी ती खरं बोलली, तर त्या माणसाने बरं म्हणून फोन ठेवला आणि तो काही आला नाही. त्यानंतर ती सांगायला लागली, "मालक भाईर गेल्यात. तुमी बोला, मी सांगते त्यास्नी."

मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "बघतो काय? बाईकडनं कोन झाडं घेतंय? लुगडी घ्यायची हायत का त्यांना?" जवळच्या गावांना सगळं माहीत होतं. हे होतं लांबच्या गिऱ्हाइकांसाठी. लांबचे लोक फोन करून यायचे, मालक नेमके बाहेर गेलेले असायचे, आक्का झाड दाखवायची, सरबत द्यायची, आणि रोपं जायची. असं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

मग नवा रस्ता झाला. तो गावाला वळसा घालून गेला, आणि पाटीसमोरून जायला उरले उसाचे ट्रॅक्टर आणि शाळेच्या सायकली. पहिल्या पावसाळ्यात अर्धी रोपं तशीच राहिली. पिशवीत राहिलेलं रोप फार वाट बघत नाही. मुळं पिशवी फाडून खाली जमिनीत जातात, उचलायला गेलं की तुटतात, आणि रोप उन्हात माना टाकतं. आक्काने ती सगळी उकिरड्यावर टाकली. भाचा पुण्यात नोकरीला आहे, चांगला मुलगा आहे. तो म्हणाला, आई, आता पुरे, इकडे ये. आक्काने त्याला शब्द दिला की या पावसाळ्यात रोपं विकली गेली तर ठीक, नाहीतर शेड मोडून, रान वाट्याने कसायला देऊन ती पुण्याला येईल.

हे तिने मला फोनवर सांगितलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात. आक्का चौथ्या मजल्यावर, कुंडीत तुळस लावून, संध्याकाळी लिफ्टने खाली उतरून बाकड्यावर बसलेली, हे चित्र मला बघवेना. पण मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पोरगं म्हनतंय पुन्यात लोक भाजी बी मोबाईलवर बगून घेत्यात. तू करतूस ना त्ये? मला करून दी."

मी केलं, आणि मनापासून केलं. फोटो विकत घेतले. पाण्याचे थेंब अंगावर असलेली पिवळीधमक लिंबं टोपलीत रचलेली, मागे हिरवीगार झाडी, आणि परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत हसणारा एक शेतकरी, ज्याच्या नखात जन्मात कधी माती गेली नसावी. वरती मोठ्या अक्षरांत 'विश्वासाची परंपरा'. हे आम्ही सगळ्यांनाच लावतो, सराफाला आणि बोअरवेलवाल्यालाही. खाली एक सुबक फॉर्म: तुमचं नाव लिहा, गाव लिहा, संदेश लिहा. मोबाईल नंबर अगदी तळाशी, बारीक, कारण वर टाकला की पान भरल्यासारखं दिसतं. पिवळ्यावर हिरवा इतका छान उठला होता की मी ते पान दुकानात येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत होतो.

फॉर्म एकानेही भरला नाही. शेतकरी माणूस रोप घेताना फॉर्म भरत नाही, तो नंबर शोधतो, आणि नंबर तर मी लपवून ठेवलेला. तरी कुणी कुणी खाली जाऊन तो शोधला. त्यातल्या कर्जतकडच्या एकाने आक्काला विचारलं, "बाई, ही रोपं नेमकी कशाची हायत? फोटोत तर भलतंच फळ दिसतंय."

मी श्रीगोंद्याला गेलो तेव्हा आक्काने मोबाईल माझ्यापुढे धरला. "ह्यो बग तुजा बाग."

मी बघितलं, आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. टोपलीतली लिंबं लांबट होती, जाड सालीची, टोकाला बोंड आलेली. परदेशातली. आपलं कागदी लिंबू गोल आणि पातळ सालीचं. ते या टोपलीत ठेवलं असतं तर हरवून गेलं असतं. मी याच मातीत वाढलो, लिंबाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, आणि फोटो निवडताना मी फक्त रंग बघितला होता. ज्या नर्सरीला लिंबूच ओळखता येत नाही तिच्याकडून रोप कोण घेणार?

"आन् ह्यो मानूस कोन?" तिने त्या हसऱ्या शेतकऱ्यावर बोट ठेवलं.

"फोटोतला आहे. असाच."

"असाच कसा? लोक इचारतील ना कुनाचा कोन म्हनून."

फोटो बदलून देतो म्हणालो. पण तिचं सगळं ठरलेलं होतं. सगळ्यात वर गणपती. मग दाजींचा फोटो, मोठा. त्याखाली सरपंच, कारखान्याचे चेअरमन, आणि सोनईचे तिचे व्याही, कारण त्यांना त्या भागात मान आहे. शेवटी 'आपले नम्र' म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं.

"आक्का," मी म्हणालो, "ही वेबसाईट आहे, वाढदिवसाचा फ्लेक्स नाही."

"फ्लेक्स बगून लोक वळकत्यात का न्हाई, कुनाची मानसं हायत ती?"

"ओळखतात. पण..."

"मंग झालं की. तुज्या फोटोतल्या मानसाला कोन वळकतंय?"

माझं निम्मं दुकान असल्याच फ्लेक्सवर चालतं. गोल गोल चौकटींत चेहरे बसवून बसवून माझे डोळे गेलेत. त्यामुळे तिचं म्हणणं मला पटलं, आणि दुसऱ्याचं पटलं की मला राग येतो. मी म्हणालो, पाठव सगळं, जसं पाठवशील तसं लावतो, नंतर मला बोलायचं नाही. ती म्हणाली, तसंच लाव. मी चहा न घेता निघालो आणि वाटेतल्या मांडवगणपर्यंत स्वतःशी भांडत गेलो.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवले. दाजींना फोटो काढून घ्यायचा कंटाळा होता, त्यांचा धड असा एकच फोटो, भिंतीवर लावलेला. तोच तिने मोबाईलवर काढून पाठवला होता, चौकटीसकट, आणि चौकटीवरच्या चंदनाच्या हारासकट. मला हार दिसला. मला वाटलं, तिला असाच हवा असेल. एक फोन केला असता तर मिटलं असतं, पण माझं तोंड फुगलेलं होतं. पाठवला तसा लावला, पार वरती, कारण मोठा हवा होता ना. गणपती त्याच्या शेजारी बसवला. सरपंच, चेअरमन, व्याही खाली ओळीने.

आक्काने ते उघडून बघितलं आणि तिला पसंत पडलं. मग तिने दाजींच्या मोबाईलमधल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना ते पाठवलं. दाजींनी नंबर आपल्या पद्धतीने जपून ठेवले होते: 'लिंबू परांडा', 'लिंबू कर्जत', 'लिंबू आष्टी उंच माणूस'. एकेकाला तिने बोटाने दाबून दाबून पाठवलं. वेबसाईटचा पत्ता असा पाठवला की मोबाईल आपणहून तिच्यातला पहिला फोटो उचलतो आणि पुढे दाखवतो. हे मला माहीत होतं, हेच तर माझं काम. तिला माहीत नव्हतं. म्हणजे झालं असं, की शंभर गावांना दाजींच्याच नंबरवरून दाजींचा हार घातलेला फोटो गेला, आणि खाली फक्त नर्सरीचं नाव.

तासाभरात हात जोडलेली चित्रं यायला लागली. मग फुलं. मग 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग फोन. कधी झालं? कशानं? आजारी होते का? परवापर्यंत तर चांगले होते म्हणे.

आक्काने मला फोन करून सगळं सांगितलं. मी म्हणालो, सगळ्यांना कळवून टाकू की चूक झाली. ती म्हणाली, "काय कळवू? मानूस गेलंच न्हाई आसं कळवू?" आणि सहा वर्षांपूर्वीच गेले असंही तिला सांगता येईना, कारण यांतल्या कितीतरी जणांना तिने मालक बाहेर गेलेत म्हणून सांगितलं होतं. विचारणाऱ्याला ती एवढंच म्हणायची, "अचानक गेले." ते खरंच होतं.

मी विचारलं, "हार घातलेला फोटो पाठवलासच कशाला?"

"आरं, मला हार दिसलाच न्हाई," ती म्हणाली. "रोज बगते ना त्यो फोटो. मला नुसते त्येच दिसत्यात."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला हाताने थांब म्हणालो. मला स्वतःची, त्या पानाची, माझ्या रागाची, सगळ्याची शिसारी आली.

पुढचे दिवस वाईट गेले. फोटो मी पानावरून लगेच काढला, पण गेलेलं परत येत नव्हतं. आक्काला दुसऱ्यांदा सुतक पडल्यासारखं झालं. दिवसभर फोन, आणि तेच तेच बोलणं. आणि रोपांचं कुणी विचारत नव्हतं, विचारणारही नव्हतं. आमच्याकडे ज्या घरी माणूस गेलंय तिथे धंद्याचं बोलत नाहीत. फोन करणारा शेवटी म्हणायचा, सांभाळा स्वतःला, आणि ठेवायचा. ज्याला खरंच रोपं हवी होती तो आपला लाजेकाजेस्तव दुसरीकडून घेऊन मोकळा होत होता. पाऊस वेळेवर आला होता, रानं तयार झाली होती, लोक खड्डे भरून बसले होते, आणि शेडमध्ये पिशव्या जागच्या जागी. भाच्याने फोन करून विचारलं की सामान न्यायला टेम्पो कधी सांगू. आक्का म्हणाली, बघू.

त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन श्रीगोंद्याला गेलो. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण घरी बसवत नव्हतं. आम्ही शेडमध्ये बोलत होतो तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. आमच्याकडे बघितलं न बघितलं असं करून तो सरळ घराच्या ओट्याकडे गेला, चपला लांब काढल्या, आणि खाली मान घालून बसला.

आक्काने आणि मी एकमेकांकडे बघितलं. माणूस दुखवट्याला दारावर आला होता. भेटायला. परांड्याचं जुनं गिऱ्हाईक, आक्काने ओळखलं; एवढ्या लांबून.

आक्काने मातीचे हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि जाऊन समोर बसली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मग त्या माणसाने पंचा तोंडाला लावला आणि हुंदका दिला. सहा वर्षांपूर्वी आम्ही सगळे रडून मोकळे झालो होतो, त्याच्यासाठी मात्र दाजी आत्ता गेले होते.

"लई वाटत हुतं वैनी, एकदा येऊन त्यास्नी न्यावं," तो म्हणाला. "बाग दाखवायला. धा वर्सं व्हत आली. घडाघडानं लिंबू हाय झाडावर. दर साली म्हनायचो, औंदा नेतो, औंदा नेतो."

आक्का खाली मान घालून ऐकत होती.

"मागं मेव्हन्याला धाडलं हुतं तुमच्याकडं. तवा मालक शेतात गेल्ते म्हनं. त्याला बी भेट न्हाई झाली. चार वर्सं झाली त्याला."

आक्काने मान वर केली. मला वाटलं आता ती मानेनेच हो म्हणेल आणि हा माणूस तसाच निघून जाईल, आणि कदाचित तेच बरं. पण ती म्हणाली, "न्हाई. शेतात न्हवते गेले."

त्याला कळलं नाही.

"त्यास्नी जाऊन सहा वर्सं झाली, भाऊ. तुमचा पावना आल्ता तवा मी खोटं बोलले. सगळ्यांलाच बोलले. बाईमानूस म्हनल्यावर लोक माघारी जात्यात, म्हनून."

त्या माणसाने पंचा तोंडावरून काढला आणि तो तिच्याकडे बघत राहिला. मला भीती वाटली की हा आता उठून जाईल, आणि परांड्यापर्यंत प्रत्येक गावात सांगत जाईल.

"मंग मेव्हन्याची रोपं कुनी दिली?"

"म्या."

"बी कुनी काढलं हुतं?"

"म्याच. आदी बी मीच काढायचे."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, डोकं पुसलं. "त्येच्या झाडांनी औंदा पयला बहार धरलाय," तो म्हणाला. "माज्यासारखंच लिंबू हाय. काय फरक न्हाई."

मग त्याने खिशातून मोबाईल काढला. मेव्हण्याची झाडं दाखवली, आपली दाखवली, फळाने वाकलेल्या फांद्या, त्यांना दिलेले टेकू. बोटाने मागे मागे जात तो एका फोटोवर थांबला आणि मोबाईल आक्काच्या हातात दिला. रोपं नेली त्या दिवशी त्याने काढलेला. दाजी उकिडवे बसलेत, हातात पिशवीतलं रोप, तोंड उघडं, म्हणजे बोलताहेत. मागे पाटीचं एक टोक. आणि त्यांच्या मागे, सरबताचे ग्लास घेऊन, वाऱ्याने पदर उडालेली आक्का.

ती तो फोटो किती वेळ बघत होती. "हाताला माती हाय बग," ती मला म्हणाली, आणि मग ती रडली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच रडताना बघितलं.

थोड्या वेळाने तो माणूस उठला. "झाड हाय न्हवं आजून?" त्याने विचारलं. आक्का त्याला शेडमागे घेऊन गेली. त्याने हात वर करून लिंबू तोडलं. आक्का सुरी आणायला वळली आणि थबकली. दुखवट्याला दारावर आलेल्या माणसाला काही गोड देत नाहीत, सरबत कसं द्यायचं? तो म्हणाला, "सहा वर्सं झाली म्हनल्यावर चालतंय, वैनी."

मी लॅपटॉप उघडला. त्या दिवशी जे पान केलं ते माझ्या धंद्यातलं सगळ्यात कुरूप पान आहे. सगळ्यात वर मोठ्या आकड्यांत मोबाईल नंबर. त्याखाली परांड्याच्या पाहुण्याने दिलेला तो फोटो, थोडा हललेला. मग त्याच्या बागेचे, मेव्हण्याच्या बागेचे. आक्काने बाकीच्या लोकांना फोन करून खरं ते सांगितलं आणि म्हणाली, आमची झाडं तुमच्याकडे कशी आहेत, फोटो पाठवा. पुढच्या दिवसांत ते येत गेले, कुणाचे उभे, कुणाचे आडवे, एकात कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलेला. तो मी कापला नाही. 'विश्वासाची परंपरा' काढून टाकलं. गणपती राहिला. चेअरमन, सरपंच आणि व्याही तिने स्वतःच काढायला सांगितले. मजकूर तिने सांगितला तसा घेतला: मालक सहा वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून नर्सरी मी बघते, बी याच झाडाचं आहे, येऊन झाड बघा.

सगळ्यांनी गोड मानून घेतलं असं नाही. आष्टीच्या उंच माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, सहा वर्सं खोटं बोललात की हो, आणि फोन ठेवला. आक्का त्या दिवशी जेवली नाही. पण फोटो पाठवणाऱ्यांतल्या काहींनी आपल्या गावात ते पान पुढे धाडलं, आणि फोन यायला लागले. झाडं ओळखीची होती, बागा ओळखीच्या होत्या. माणूस नव्या दुकानात शिरला की आधी बाहेर कुणाच्या चपला आहेत ते बघतो, तसंच ते असावं. इतकी वर्षं हे काम करून मला ते ठाऊक नव्हतं.

भाच्याने पुन्हा विचारलं, तेव्हा आक्का म्हणाली, "दिवाळीला येते चार दिवस. कुंडीत लावायला लिंबू आनते एक." तो हसला आणि टेम्पोचं पुन्हा बोलला नाही. शेडमध्ये अजून बऱ्याच पिशव्या होत्या, तरी.

त्यानंतरच्या एका दुपारी मी तिथेच होतो. आक्का पिशव्यांतलं गवत काढत होती, हात चिखलाने भरलेले. दाजींचा मोबाईल वाजला. तिने कोपराने दाबून तो स्पीकरवर टाकला. अनोळखी आवाज, मराठवाड्याकडचा.

"मालक हायत का?"

आक्काचा हात थांबला. सवयीने तिचं तोंड उघडलं तेही मी बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. शेडच्या दारातून बाहेर, पाटीकडे बघितलं.

"बोला," ती म्हणाली. "मीच मालक."

मग तो म्हणाला, "न्हाई, त्ये नर्सरीचे..."

"व्हय, नर्सरीचीच. नवीन रस्ता सोडून पुलाच्या अलीकडं आत वळा. हिरवी पाटी दिसंल. या. सरबत प्या. मंग बोलू."